ताजमहाल पॅलेस, मुंबई : न्यूकॉइनवर एक रात्र, खान्देशातून जाणाऱ्यांसाठी

फ्रिज क्रोमातून, औषधं वनएमजीवरून, कपडे वेस्टसाइडमधून अशी टाटांच्या दुकानांतून खरेदी करणाऱ्या घरात न्यूकॉइन, म्हणजे टाटा न्यू या अ‍ॅपवर जमा होणारी बक्षिसाची नाणी, साठत जातात आणि बहुतेक वेळा पुढच्याच खरेदीत दोनशे-तीनशेच्या तुकड्यांनी संपून जातात. हीच नाणी मुंबईच्या ताजमहाल पॅलेसमध्ये खोलीच्या भाड्यापोटी चालतात. एका नाण्याचा एक रुपया, तिथेही तोच भाव. निकाल आधीच सांगतो. पॅलेस विंगमधली, म्हणजे घुमटाच्या जुन्या इमारतीतली खोली मिळत असेल, आठवड्याच्या मधला वार असेल आणि गाडीच्या वेळेचा मेळ बसवता येत असेल, तर साठवलेल्या नाण्यांचा याहून चांगला उपयोग नाही. टॉवरमधली, म्हणजे बाजूच्या नव्या मनोऱ्यातली खोली, शनिवार किंवा डिसेंबरचा शेवटचा आठवडा हाती लागत असेल, तर नाणी राहू द्यावीत.

पॉइंटवर हॉटेल घेण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत झाली की हिशेब चुकतो. मॅरियट हॉटेलांच्या बॉनव्हॉय या सभासद योजनेत पॉइंटला रुपयातला ठरलेला भाव नाही. २०२२ पासून त्यांनी हॉटेलांचा पॉइंटचा पक्का तक्ताही बंद केला, त्यामुळे एकाच खोलीला आज एक आकडा दिसतो आणि पुढच्या आठवड्यात दुसरा. तिथे शोधाशोध करणाऱ्याला कधीकधी मोठं घबाड मिळतं, आणि लागोपाठ पाच रात्री पॉइंटवर घेतल्या तर एका रात्रीचे पॉइंट माफ होतात. अ‍ॅकॉर या हॉटेल कंपनीच्या योजनेत २००० पॉइंट म्हणजे ४० युरो, तिथे भाव बांधलेला. ताजचं काम या दुसऱ्या प्रकारचं. नाणं म्हणजे रुपया, त्यामुळे रुपयात महाग असलेली रात्र नाण्यांतही तितकीच महाग पडते. घबाड इथे नाही. फायदा होतो तो फक्त दोन जागी : कोणत्या दिवशी जाता आणि कोणत्या खोलीत उतरता.

नाणी जमतात कशी, तेही स्वच्छ पाहून घ्यावं. एचडीएफसी बँकेच्या टाटा न्यू इन्फिनिटी कार्डावर टाटांच्या दुकानांत ५ टक्के आणि बाकी खर्चावर दीड टक्का नाणी मिळतात. प्लस कार्डावर हेच प्रमाण २ आणि १ टक्का. इन्फिनिटीची वार्षिक फी १४९९ रुपये अधिक कर आहे आणि वर्षाला ३ लाख खर्च झाला की ती माफ होते. समजा घराचा वर्षाचा ४ लाखांचा साधा खर्च कार्डावर गेला आणि त्याशिवाय टाटांच्या दुकानांत १ लाख २० हजार गेले. दोन्हीकडून सहा-सहा हजार, म्हणजे वर्षाला १२,००० नाणी. ताजच्या एका रात्रीला तेवढ्याने पुरं पडत नाही. दोन वर्षांची साठवण किंवा नाणी अधिक रोख, हेच खरं गणित. ‘फुकटात ताज’ अशा जाहिरातींवर विसंबून निघू नये.

पेट्रोल-डिझेल, घरभाडं, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, हप्त्यांवरची खरेदी यांवर नाणी मिळत नाहीत. वीज, मोबाइल, किराणा यांवर महिन्याची कमाल मर्यादा आहे. खान्देशात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. सराफाकडे, कृषी सेवा केंद्रात किंवा हार्डवेअरच्या दुकानात कार्ड पुढे केलं की दीड-दोन टक्के जादा मागण्याची रीत अजून आहे. दीड टक्क्याच्या नाण्यांसाठी दोन टक्के जादा मोजणं हा सरळ तोटा. अशा ठिकाणी रोख किंवा साधं यूपीआय बरं.

मोबाइल नंबर हा या सगळ्या व्यवहाराचा कणा आहे. बँकेत नोंदवलेला नंबर, टाटा न्यूचा नंबर आणि ताजच्या संकेतस्थळावर लॉगिन करताना वापरलेला नंबर, तिन्ही एकच असले पाहिजेत. बँकेत वडिलांचा जुना नंबर आणि अ‍ॅपवर मुलाचा नवा, अशी फाटाफूट असेल तर नाणी एका खात्यात आणि बुकिंग दुसऱ्या खात्यात, अशी पंचाईत होते. कार्डावरची नाणी खरेदीच्या दिवशी येत नाहीत. महिन्याचं स्टेटमेंट निघाल्यावर काही दिवसांनी टाटा न्यूच्या खात्यात पडतात. दिवाळीच्या खरेदीची नाणी दिवाळीच्या सुट्टीत वापरू असं ठरवलेलं म्हणूनच फसतं. मुदतही लक्षात ठेवावी. प्रचाराच्या ऑफरमधून मिळालेली बोनस नाणी थोड्या दिवसांत बाद होतात, त्यांचा ताजसाठी साठा होऊच शकत नाही. ती किराण्यात वापरून टाकावीत आणि नियमित नाणी शिल्लक ठेवावीत. अ‍ॅपमध्ये मुदतीची तारीख दिसते.

इथे एक बारीक हिशेब आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. ताजमध्ये नाण्यांऐवजी पैशांत भाडं भरणाऱ्या टाटा न्यूच्या सभासदाला बिलावर किमान ५ टक्के नाणी मिळतात आणि इन्फिनिटी कार्डाने भरलं तर वर आणखी ५ टक्के. नाण्यांतून भरलेल्या रकमेवर मात्र नवी नाणी मिळत नाहीत. म्हणजे ताजमध्ये नाणं वापरलं की त्या रुपयावर मिळू शकणारे दहा पैसे हातचे जातात. केवळ गणित पाहायचं तर ताजचं भाडं कार्डाने भरावं आणि नाणी औषधं-किराण्यात वापरावीत. पण घरखर्चात हे तंतोतंत पाळलं जात नाही. किराण्यात नाणी गेली की वाचलेला रुपया ताजसाठी बाजूला पडत नाही, तो घरात कुठेतरी मुरतो. ज्या घराला एका रात्रीसाठी इतकी रोख रक्कम काढणं जिवावर येतं, त्यांनी दहा पैशांची फिकीर न करता नाणी ताजसाठीच ठेवावीत. ज्यांना तसंही जायचंच आहे आणि पैसे तयार आहेत, त्यांनी कार्ड वापरावं.

आता दर. ताजचे दर रोज बदलतात. जून ते सप्टेंबर, त्यातही रविवार ते गुरुवारच्या रात्री स्वस्त. डिसेंबर-जानेवारी, लग्नसराई, मोठी प्रदर्शनं-परिषदा आणि शनिवार महाग. एकाच खोलीच्या दरात मोसमानुसार दुपटीचा फरक पडू शकतो, म्हणून आधी दिवस शोधावा आणि मग रजा टाकावी. ७,५०० रुपयांपेक्षा जास्त भाड्याच्या खोलीवर १८ टक्के जीएसटी लागतो. त्याखालच्या खोल्यांवर सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला, पण ताजमहाल पॅलेसला त्याचा उपयोग नाही. समजा खोली २२,००० रुपयांची आहे. कर ३,९६०, एकूण २५,९६०. त्यात १२,००० नाणी वळती केली तर हातचे १३,९६० जातात. नाणी मोजताना कर धरून मोजावं. भाड्याइतकी नाणी झाली म्हणून समाधान मानणाऱ्याला शेवटी चार हजारांचा फटका बसतो.

जेवणाचाही कर वेगळा आहे. बाहेरच्या उपाहारगृहात जेवणावर ५ टक्के जीएसटी असतो, इतक्या भाड्याच्या हॉटेलातल्या उपाहारगृहात १८ टक्के. मेनूवरची किंमत पाहताना तिच्यात साधारण पाचवा हिस्सा मिसळूनच मनाशी आकडा धरावा.

बुकिंग ताजच्या स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा टाटा न्यू अ‍ॅपवरच करावं. इतर बुकिंग कंपन्यांकडून घेतलेल्या खोलीवर नाणी वापरण्याची आणि मिळवण्याची वाट बंद होते, दर शंभर-दोनशेने कमी दिसला तरी. लॉगिन करून दिवस टाकले की खोल्यांच्या नावांखाली दोन-तीन दर दिसतात : फक्त खोली, नाश्त्यासह, आणि आगाऊ पैसे भरून रद्द न होणारा. खान्देशातून रेल्वेने जाणाऱ्याने हा तिसरा दर घेऊ नये. रेल्वेचं आगाऊ आरक्षण आता ६० दिवस आधीच खुलतं. पूर्वीची १२० दिवसांची मुदत नोव्हेंबर २०२४ पासून गेली. म्हणजे हॉटेलचा स्वस्त दिवस तीन महिने आधी सापडला तरी तिकीट हातात नसतं. सुट्टीच्या तोंडावर जळगावहून मुंबईच्या रात्रीच्या गाड्यांना प्रतीक्षायादी लांबते. तिकीट पक्कं झालं नाही आणि खोली रद्द न होणारी असेल, तर नाणीही जातात आणि पैसेही. रद्द करता येणारा दर थोडा जास्त असतो, तो जास्तीचा पैसा सार्थकी लागतो. क्रम असा ठेवावा : आधी रद्द करता येणारी खोली, मग प्रवासाच्या साठ दिवस आधी सकाळी आठला तिकीट, आणि तिकीट पक्कं झाल्यावर खोलीचा दर पुन्हा एकदा पाहावा. दर उतरला असेल तर नवं बुकिंग करून जुनं रद्द करता येतं.

पैसे भरण्याच्या पानावर किती नाणी वापरायची तो आकडा टाकला की नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी येतो. नाणी मुलाच्या खात्यात आणि राहायला आई-वडील, असा बेत असेल तर हॉटेलच्या काउंटरवर ओटीपीसाठी मुलाला फोन लावत बसावं लागतं आणि तो मीटिंगमध्ये असला की सगळे ताटकळतात. नाणी ज्याच्या खात्यात, बुकिंग त्याच्याच लॉगिनमधून व्हावं आणि शक्यतो मुक्कामालाही तोच असावा. ते जमत नसेल तर नाण्यांचा व्यवहार बुकिंगच्या वेळीच पुरा करावा, काउंटरवर ठेवू नये. बुकिंगची मेल आली की त्यात तीन गोष्टी वाचाव्यात : विंगचं नाव, नाश्ता आहे की नाही, रद्द करण्याची शेवटची तारीख आणि वेळ.

विंगचं नाव पाहायला विसरू नका, कारण सगळी मेख तिथेच आहे. ताज म्हणजे शेजारी शेजारी उभ्या दोन इमारती. लाल घुमटाची, कमानींची, गेटवेच्या प्रत्येक फोटोत मागे दिसणारी ती पॅलेस विंग, १६ डिसेंबर १९०३ ला उघडलेली. तिच्या बाजूचा उंच मनोरा म्हणजे टॉवर, १९७३ चा. संकेतस्थळावर सगळ्यात खालचा दर बहुधा टॉवरचा असतो आणि हॉटेलचं नाव एकच असल्यामुळे माणूस तो घेऊन मोकळा होतो. टॉवरच्या खोल्या वाईट नाहीत. पण त्या कोणत्याही चांगल्या पंचतारांकित हॉटेलातल्या खोल्यांसारख्या आहेत. वरच्या मजल्यांवरून बंदर पॅलेसपेक्षाही मोकळं दिसतं, ही त्यांची जमेची बाजू. एवढ्यासाठी दोन वर्षांची नाणी घालवू नयेत. पॅलेस विंगमध्ये छत उंच, लाकूडकाम जुन्या घाटाचं, आणि खोल्यांचे आकार एकसारखे नाहीत. दारातून बाहेर आलं की लांब व्हरांडे आणि मधल्या घुमटाखाली वर चढत गेलेला तो प्रसिद्ध जिना समोर येतो. आधाराचे खांब न दिसता वर गेलेला तो जिना पाहायला बाहेरची माणसं तरसतात. इथे तो रात्री अकरालाही आपला असतो. भाड्यातला फरक खरं तर या व्हरांड्यांचा आणि जिन्याचा आहे.

पॅलेसमध्येही समुद्राकडची, तरणतलावाकडची आणि शहराकडची असे प्रकार असतात. समुद्राकडची सगळ्यात महाग. पावसाळ्यात समुद्र करडा आणि आभाळ बुटकं असतं, तेव्हा समुद्राकडच्या खोलीसाठी जादा मोजायची गरज नाही. तलावाकडची घ्यावी, ती शांत असते. हिवाळ्यात मात्र सूर्य गेटवेच्या मागून बंदरावर उगवतो, तेव्हा समुद्राकडच्या खोलीचे पैसे वसूल होतात. शनिवार-रविवारी गेटवेसमोर गर्दी उसळते आणि तिचा गलका खालच्या मजल्यांवर पोहोचतो. ज्यांची झोप हलकी आहे त्यांनी बुकिंगच्या वेळीच वरचा मजला मागून ठेवावा. शहराकडच्या खोल्यांमधून मागच्या गल्ल्या दिसतात, पण खोलीचा आतला थाट तोच, आणि नाणी मोजकी असतील तर हाच सगळ्यात शहाणा पर्याय.

इमारतीबद्दल एक खोटी गोष्ट अजून सांगितली जाते. नकाशा उलटा वाचल्यामुळे हॉटेलचं तोंड चुकीच्या बाजूला झालं आणि वास्तुविशारदाने जीव दिला, अशी. तसं काही घडलेलं नाही. मूळ प्रवेश शहराच्या बाजूने होता, आज जिथे तरणतलाव आहे तिकडून, आणि तो मुद्दाम तसा ठेवलेला होता. आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य काम पुरं होण्याआधीच वारले आणि उरलेलं काम डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी तडीस नेलं. एका मराठी माणसाने काढलेली ही इमारत आहे, हे दारावरून आत जाताना मनात असू द्यावं. आणि गेटवे ऑफ इंडिया या हॉटेलच्या नंतरचा आहे : त्याचं काम पुरं झालं १९२४ ला. हॉटेल उघडलं तेव्हा समोर कमान नव्हतीच.

जमशेटजी टाटांनी हे हॉटेल बांधलं, त्याच्या पंचवीसेक वर्षं आधी, १८७७ मध्ये, त्यांनी नागपूरला एम्प्रेस मिल सुरू केली होती. कापूस पिकतो तिथेच गिरणी असावी, असा त्यामागचा विचार होता. कापूस पिकवणाऱ्या खान्देशी माणसाला तो विचार समजावून सांगावा लागत नाही. हॉटेल उघडल्यानंतर पाचेक महिन्यांतच, मे १९०४ मध्ये, जमशेटजी गेले. पहिल्या महायुद्धात याच इमारतीत इस्पितळ होतं. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात पॅलेस विंग जळाली. टॉवर त्याच डिसेंबरात उघडला, पण पॅलेसची डागडुजी होऊन ती १५ ऑगस्ट २०१० ला पुन्हा सुरू झाली. हॉटेलात मारल्या गेलेल्या ३१ जणांची नावं आत स्मारकावर कोरलेली आहेत. तिथे फोटो काढण्याची घाई करू नये, नावं वाचावीत.

मुक्कामाला असलेल्या पाहुण्यांसाठी हॉटेलातलाच माहितगार माणूस इमारत फिरवून दाखवतो, त्या फेरीला हेरिटेज वॉक म्हणतात. चेक-इन करतानाच त्याची वेळ विचारून नाव लिहून घ्यावं, कारण एका रात्रीच्या मुक्कामात ही वेळ चुकली तर पुन्हा मिळत नाही. खोलीच्या भाड्यात मिळणाऱ्या सगळ्या गोष्टींत ही सगळ्यात मोलाची. मुलांना सोबत न्यावं.

आता गाडीचा मेळ. चेक-इन दुपारी दोनला, चेक-आउट दुपारी बाराला. जळगाव-भुसावळकडून रात्री निघणारी अमरावती-मुंबई एक्सप्रेस किंवा विदर्भ एक्सप्रेस सकाळी सीएसएमटीला सोडते. तिथून हॉटेल अडीच किलोमीटरच्या आसपास, काळ्या-पिवळ्या टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटांचं अंतर. म्हणजे सात-साडेसातला दारात आणि खोली दोनला. लवकर खोली मिळणं हे आदल्या रात्रीच्या गर्दीवर अवलंबून असतं, कोणत्याही सभासदाने ते गृहीत धरू नये. पावसाळ्यातल्या मंगळवारी मिळू शकते, लग्नाच्या तिथीला मिळत नाही. सामान हॉटेल ठेवून घेतं. मधले तास वाया घालवण्याचं कारण नाही. सकाळी नऊच्या सुमारास गेटवेवरून घारापुरीच्या बोटी सुरू होतात. लेणी सोमवारी बंद असतात, त्यामुळे सोमवारची रात्र घेणाऱ्याने ती दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी पाहावी. पाऊस जोराचा असेल तर बोटीचा नाद सोडून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जावं. ते चालत जाण्याइतकं जवळ आहे आणि सव्वादहाला उघडतं. प्रवासाचे कपडे वेगळ्या छोट्या पिशवीत ठेवावेत, म्हणजे मोठी बॅग उघडावी लागत नाही.

धुळेकरांचा मेळ आपोआप बसतो. धुळ्याहून सकाळी निघणारी मुंबई गाडी दुपारी पोहोचते, म्हणजे खोलीच्या वेळेलाच. नंदुरबार-दोंडाईचाकडचे लोक सुरतमार्गे येतात. खान्देश एक्सप्रेस वांद्रे टर्मिनसला सोडते आणि तिथून कुलाबा बरंच लांब. सामान कमी असेल तर वांद्र्याहून लोकलने चर्चगेट आणि पुढे टॅक्सी, हा सोपा मार्ग. पहाटेच्या वेळी लोकलला गर्दीही नसते. स्वतःच्या गाडीने नाशिकमार्गे येणाऱ्यांनी कसारा घाट आणि ठाण्याची सकाळ टाळावी. हॉटेलच्या दारात गाडी लावायला माणूस असतो.

दारावर विमानतळासारखी तपासणी होते, सामान यंत्रातून जातं. प्रत्येक प्रौढाचं पत्त्यासह ओळखपत्र लागतं : आधार, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट. पॅन कार्डावर पत्ता नसतो, म्हणून ते चालत नाही, आणि नेमकं तेवढंच खिशात असणारे पुष्कळ असतात. चेक-इनला काही रक्कम अनामत म्हणून कार्डावर अडवून ठेवतात. यासाठी क्रेडिट कार्ड द्यावं. डेबिट कार्ड दिलं तर ती रक्कम खात्यातून जाते आणि परत यायला आठवडा लागू शकतो. आठवडाभर अडकून चालणार नाही इतकीच शिल्लक असेल तर पुढचा प्रवास अडतो. तिसरा माणूस किंवा मोठं मूल सोबत असेल तर जादा खाटेचा दर आधी विचारून घ्यावा. बुकिंगमध्ये दोन लिहून तिघं गेलं की काउंटरवर वाढीव बिल होतं.

खाण्याबद्दल थोडक्यात. नाश्त्यासह दर आणि नुसत्या खोलीचा दर यांतला फरक दोघांच्या नाश्त्याच्या वेगळ्या बिलापेक्षा कमी असेल, आणि बहुधा असतोच, तर नाश्ता घेऊनच टाकावा. तो सकाळी सावकाश, पोटभर करावा, दुपारच्या जेवणाची मग गरज उरत नाही. पहिल्या मजल्यावरचं सी लाउंज चुकवू नये. खिडकीपाशी बसून बंदर बघत चहा, शेवपुरी, भेळ. किमती रस्त्यावरच्या भेळेशी ताडून पाहण्यात अर्थ नाही, पैसे त्या खिडकीचे असतात. खिडकीजवळचं टेबल हवं असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवावं. रात्रीचं जेवण आतच घेतलं पाहिजे असं नाही. कुलाब्यात बाहेर चांगलं जेवण निम्म्याहून कमी पैशांत मिळतं. शाकाहारी, जैन, कांदा-लसूण वर्ज्य असं जे काही असेल ते बसल्या बसल्या वेटरला स्पष्ट सांगावं, स्वयंपाकघर ते नीट सांभाळतं. मात्र आपल्याकडच्या शेवभाजीचा किंवा भरिताचा झणका तिथे शोधू नये, तिखट वेगळं मागून घ्यावं.

सेवेबद्दल एकच सांगण्यासारखं आहे. तिथली माणसं काय हवं ते विचारतात, पण मागितल्याशिवाय बऱ्याच गोष्टी मिळत नाहीत, कारण त्यांना आपली गरज ठाऊक नसते. इस्त्री, जादा उशा, लहान मुलासाठी गरम दूध, आजी-आजोबांसाठी चाकाची खुर्ची, लिफ्टजवळची खोली, हे सगळं संकोच न करता मागावं. पॅलेस विंगचे व्हरांडे लांब आहेत आणि गुडघे दुखणाऱ्याला लॉबीपासून खोलीपर्यंतचं चालणं जाणवतं, म्हणून लिफ्टजवळची खोली बुकिंगनंतर मेलवरच मागून ठेवलेली बरी. मराठीत बोलावं. दारावर, सामानाला, खोलीच्या साफसफाईला मराठी माणसं भेटतात. खोलीतल्या छोट्या फ्रिजमधलं काय बिलात धरलं जातं आणि काय मोफत, ते पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं.

निघताना घाई करू नये. बिल आदल्या रात्रीच मागवून वाचावं : नाणी वळती झाली का, अनामत सुटली का, नाश्ता दोनदा तर लागला नाही. व्यवसायाच्या कामाने गेला असाल तर जीएसटी क्रमांक चेक-इनलाच द्यावा, बिल निघाल्यावर तो घालायला त्रास होतो. रोख भरलेल्या भागावरची नाणी मुक्काम संपल्यावर काही दिवसांनी खात्यात येतात. ती आली नाहीत तर दाद मागायला बिलाची प्रत लागते, म्हणून मेलवर मागून ठेवावी. बाराला खोली सोडली तरी सामान संध्याकाळपर्यंत हॉटेलातच ठेवता येतं. परतीच्या विदर्भ आणि अमरावती एक्सप्रेस सीएसएमटीहून सात-आठच्या सुमारास सुटतात आणि जळगावला मध्यरात्रीनंतर पोहोचतात. साडेसहापूर्वी टॅक्सीत बसलं पाहिजे, कारण कार्यालयं सुटण्याच्या वेळी फोर्टातून तेच अडीच किलोमीटर अर्धा तास घेतात.